नव्या टीव्हीच्या पडद्यावर रेघ आली तर काय करायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ग्राहकांसाठी

दसरा-दिवाळीला घरात नवा टीव्ही येतो आणि महिना व्हायच्या आत पडद्यावर हिरवी उभी रेघ उमटते, नाहीतर अर्धा पडदा काळा पडतो. दुकानदार म्हणतो कंपनीला फोन लावा. कंपनी म्हणते माणूस पाठवतो. माणूस येतो, दोन मिनिटं बघतो, ‘फिजिकल डॅमेज’ असं लिहून सही घेतो आणि जातो. मग वॉरंटी शिल्लक असतानाही लोक पॅनेलचे (चित्र दाखवणाऱ्या काचेच्या भागाचे) पैसे पदरचे भरतात. वाईट याचं वाटतं की यातल्या बऱ्याच जणांचा हक्क शाबूत असतो, फक्त तो दाखवणारा कागद हातात नसतो.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. टीव्ही कोल्हापुरातून किंवा गोव्यातून आणलेला, बिल तिकडचं, पत्ता कर्नाटकाचा आणि येणारा तंत्रज्ञ कन्नड बोलणारा. म्हणून इथल्या माणसाला उपयोगी पडेल अशा क्रमाने सगळं दिलं आहे.

१. बिल पक्कं घ्या, खोकं ठेवा

बिलावर तुमचं नाव, पूर्ण पत्ता, मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक (सिरियल नंबर) हवा. खोक्यावरचा, टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक दुकानातच जुळवून बघा. एक आकडा जरी चुकला तरी पुढे ‘हा टीव्ही या बिलाचा नाही’ असं उत्तर मिळतं.

बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहा. २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. ऑनलाइन घेतलेल्या टीव्हीचा विक्रेता वेगळ्याच राज्यातला असू शकतो. त्याचं नाव आणि पत्ता बिलावर असतो, नोटीस त्याच पत्त्यावर जाते.

पत्त्यात ‘बेळगाव’ लिहिलं की ‘बेळगावी’ याने हक्काला बाध येत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण जुन्या आधारकार्डावर आणि दुकानांच्या बिलांवर दोन्ही सापडतात. पिनकोड मात्र अचूक घाला (बेळगाव शहर ५९०००१, खानापूर ५९१३०२, निपाणी ५९१२३७), कारण कंपनीची तक्रार पिनकोडवरून सर्व्हिस सेंटरकडे जाते.

‘बिल नको म्हणालात तर हजार कमी करतो’ या बोलण्याला भुलू नका. बिल न देणं हीच मुळात कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का बघून लगेच हात टेकू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही सुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे.

खोकं आणि थर्माकोल निदान महिनाभर टाकू नका. परत द्यायची वेळ आली तर खोक्याशिवाय कुणी हात लावत नाही. टीव्ही टेम्पोतून आणताना उभाच ठेवा. आडवा ठेवून वर गादी टाकली की रस्त्याच्या धक्क्यांनी काच आतून तडकते, आणि तो तडा टीव्ही चालू केल्यावरच दिसतो.

२. पहिल्या दिवशी रंगांची चाचणी

खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या: बंद खोकं, त्यावरचं स्टिकर, उघडणं, पाठीवरचा अनुक्रमांक, टीव्ही सुरू होणं. मध्ये थांबवू नका, तुकडे जोडलेला व्हिडिओ मानायला कुणी तयार नसतं.

मग पेनड्राइव्हवर लाल, हिरवं, निळं, पांढरं, काळं आणि मध्यम करडं अशी सहा सपाट चित्रं घालून एकेक मिनिट दाखवा. लाल-हिरवा-निळा यांत मेलेले (न उजळणारे) ठिपके कळतात. पांढऱ्यावर डाग आणि सावल्या दिसतात. काळं चित्र खोलीतले दिवे मालवून बघा, कोपऱ्यातून झिरपणारा उजेड तेव्हाच कळतो. करड्यावर उभे पट्टे दिसतात. क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर कॅमेरा फिरताना हेच पट्टे डोळ्यांत खुपतात, पण तोपर्यंत परतीची मुदत गेलेली असते.

एखादाच ठिपका मेलेला असेल तर त्यावरून टीव्ही बदलून मिळणं कठीण. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि किती मेले तर दोष मानायचा, याची प्रत्येक कंपनीची हद्द ठरलेली असते. तरीही पहिल्या दिवशी नोंद करून ठेवा. ठिपके वाढत गेले तर ती कामाला येते.

३. दोष नेमका कुठला ते ओळखा

इथे थोडा वेळ द्या. तंत्रज्ञाशी बोलताना तुम्हाला नेमकं काय बिघडलंय हे माहीत असेल तर तो सहसा काहीही लिहून जात नाही.

आधी रिमोटचं मेनूचं बटण दाबा. मेनूवरूनही रेघ जात असेल तर दोष टीव्हीत आहे. मेनू स्वच्छ आणि फक्त चॅनेलवर गडबड असेल तर सेटटॉप बॉक्स, एचडीएमआय केबल किंवा डिश तपासा. केबल बदला, दुसऱ्या पोर्टात घाला, पेनड्राइव्हवरचं चित्र लावा. मुसळधार पावसात कणकुंबी-जांबोटीकडे डिशचा सिग्नल तुटतो आणि चित्राचे चौकोन होतात, तो टीव्हीचा दोष नव्हे.

वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ, रंगीत किंवा काळी: पॅनेलच्या काचेला सिग्नल नेणाऱ्या पातळ पट्ट्या कडेला चिकटवलेल्या असतात. त्यातला एखादा जोड सुटला की त्या रांगेचे ठिपके अडकून पडतात. हा बहुतेक वेळा कारखान्यातलाच दोष. आडवी रेघ असेल तर बाजूच्या पट्ट्यांचा जोड.

अर्धा पडदा काळा किंवा फिकट: दोन बाजूंच्या बोर्डांपैकी एकाला सिग्नल पोचत नाही. कधी ती केबल सैल झालेली असते, कधी बोर्ड गेलेला असतो. पॅनेल न बदलताही हे सुटू शकतं, म्हणून ‘पॅनेलच गेलं’ हे उत्तर लगेच मान्य करू नका.

आवाज येतो, चित्र नाही: खोली अंधारी करून मोबाइलची टॉर्च पडद्याला तिरपी लावा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल चांगलं आहे, मागचा उजेड (बॅकलाइट) गेला आहे. आतल्या एलईडी एकापुढे एक जोडलेल्या असतात, एक उडाली की अख्खी पट्टी विझू शकते.

पांढरे गोल ठिपके, टॉर्च मारल्यासारखे: बॅकलाइटच्या एलईडीवर बसवलेली प्लॅस्टिकची भिंगं निसटली आहेत. पॅनेल शाबूत असतं.

एका बिंदूतून फुटलेली जाळी किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग: हा मार लागल्याचा दोष आणि वॉरंटीत बसत नाही. फक्त एक अपवाद धरा: खोकं उघडलं तेव्हाच तो असेल आणि व्हिडिओ असेल, तर ती वाहतुकीतली मोडतोड ठरते आणि जबाबदारी पोचवणाऱ्याची.

तंत्रज्ञ पुष्कळदा ‘व्होल्टेजमुळे झालं’ असं म्हणतात. खानापूरच्या खेड्यांत आणि आडगावांत वीज वर-खाली होते हे खरं, न्यूट्रलची तार तुटली तर घरातला दाब ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो हेही खरं. पण असा फटका सर्वांत आधी पॉवर बोर्डाला बसतो. टीव्ही नीट सुरू होतोय, आवाज स्वच्छ आहे, बाकीचं चित्र झकास आहे आणि एकच उभी रेघ आहे, तर ‘पॉवर बोर्डाला काय झालंय ते जॉबशीटवर (तपासणीच्या कागदावर) लिहा’ एवढंच शांतपणे म्हणा.

४. वॉरंटी घालवणाऱ्या चुका

गल्लीतल्या मेकॅनिकला मागचं झाकण उघडू देऊ नका. मागचं सील तुटलं की वॉरंटी संपली. पॅनेलच्या काही पिना तोडून रेघ घालवून देणारे आहेत, पण पडदा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बिघडू शकतो आणि कंपनी त्याला हातही लावत नाही. कडेची चौकट दाबून रेघ जाते का हेही पुन्हापुन्हा करून बघू नका.

काच पुसायचं पाणी पडद्यावर थेट फवारू नका. ते ओघळून खालच्या कडेत जातं आणि बऱ्याच टीव्हींत सिग्नलच्या पट्ट्या नेमक्या तिथेच असतात. खंडेनवमीला टीव्हीला हळदकुंकू लावतात, वर ओली फुलं ठेवतात. फुलं कोरडी ठेवा आणि चौकटीच्या खालच्या फटीवर काही ठेवू नका. ‘आत पाणी गेलं’ हे कारण कंपनीला सहज सापडतं आणि गंजाची खूण तिच्या बाजूने बोलते.

पावसाळ्यात खानापूरकडच्या भिंती पाझरतात. टीव्ही भिंतीला चिकटवून लावू नका, मागे मोकळी जागा ठेवा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर डिशची केबलही काढा. नुसता प्लग काढून वीज अडत नाही, ती केबलवाटेही येते.

५. पुरावा गोळा करा

रेघ दिसली त्याच दिवशी हे करा:

– तीन फोटो: पडदा समोरून, दोष जवळून, पाठीवरचं स्टिकर.
– एकसलग व्हिडिओ: त्या दिवसाचा तरुण भारत (किंवा कुठलाही पेपर) तारीख दिसेल असा टीव्हीसमोर धरा, मग मेनू उघडून रेघ दाखवा, मग न थांबता पाठीवरच्या अनुक्रमांकापर्यंत जा.
– टॉर्च तिरपी मारून काचेवर ओरखडा किंवा तडा नाही हे दाखवणारा व्हिडिओ. ‘फिजिकल डॅमेज’वर हाच तुमचा जाब.
– बिल, वॉरंटी कार्ड, हप्त्याने घेतला असेल तर कर्जाचा कागद, वाढीव वॉरंटी असेल तर तिचं प्रमाणपत्र. वाढीव वॉरंटी बहुधा दुसऱ्याच कंपनीची असते आणि मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते. पहिल्या वर्षी तिच्याकडे जाऊन वेळ घालवू नका.

हप्ते मात्र थांबवू नका. दुकानाशी भांडण एक आणि फायनान्सचं कर्ज वेगळं. हप्ता चुकला तर दंड आणि सिबिल दोन्ही तुमच्याच माथी.

६. तक्रार नोंदवा, आणि लेखी नोंदवा

ऑनलाइन घेतला असेल तर आधी ऑर्डरच्या पानावरून परतीची किंवा बदलीची विनंती टाका. टीव्हीसाठी ही मुदत फार थोड्या दिवसांची असते, तिथे लिहिलेली शेवटची तारीख पाहा आणि त्याआधीच करा. दाद लागली नाही तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो.

खडेबाजार असो की गणपत गल्ली, दुकानातून घेतला असेल तर दुकानदाराला आधी व्हॉट्सअॅपवर कळवा, मग जाऊन भेटा. तोंडी बोलणं कागदावर येत नाही. दोष पहिल्या काही दिवसांतला असेल तर ‘डीओए प्रमाणपत्र’ मागा. टीव्ही आला तेव्हाच सदोष होता, असा तो सर्व्हिस सेंटरचा दाखला असतो आणि त्यावरून दुकानदाराला कंपनीकडून बदली टीव्ही मिळतो. तो मिळण्याचा अवधी कंपनीगणिक वेगळा आणि अगदी तोकडा असतो, म्हणून त्याच दिवशी विचारा.

कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेले ‘कस्टमर केअर’ नंबर पुष्कळदा ठगांचे असतात. दहा रुपये नोंदणी शुल्क भरा, मोबाइलवर अमुक अॅप घाला असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

फोनवर कन्नड येत नसेल तर सुरुवातीलाच हिंदी किंवा इंग्रजी निवडा, मराठी बोलणारा माणूस आहे का तेही विचारा. अर्धवट समजून ‘हो हो’ म्हणू नका. तक्रार क्रमांक वहीत तारखेसह लिहा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ असलं तरी पिनकोड कर्नाटकाचा असल्याने तक्रार इकडच्या सेंटरकडे जाऊ शकते. टीव्ही स्वतः उचलून कोल्हापूरला नेण्याआधी फोनवर खात्री करून घ्या. मोठ्या टीव्हीसाठी घरी माणूस पाठवणं हे कंपनीचं काम आहे.

७. तंत्रज्ञ घरी आल्यावर

पाहुणचार करा, पण जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नका. तपासणीचा व्हिडिओ घ्यायची त्याला आधीच कल्पना द्या.

जॉबशीटवर दोषाचं वर्णन नेमकं हवं. ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ एवढं पुरत नाही. असं लिहायला सांगा: ‘पडद्याच्या डाव्या कडेपासून सुमारे २२ सेंमीवर वरून खालपर्यंत हिरवी उभी रेघ. मेनूवरही दिसते. काचेवर तडा, ओरखडा, दाबल्याची खूण नाही.’ इंग्रजीत किंवा कन्नडात लिहिलं असेल तर मोबाइलवर फोटो काढून भाषांतर बघा, किंवा शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोराला बोलवा. पाच मिनिटं थांबायला तंत्रज्ञाला काही हरकत नसते.

‘फिजिकल डॅमेज’, ‘कस्टमर मिसयूज’, ‘लिक्विड’ यांतला शब्द दिसला आणि तो खोटा असेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा: ‘वरील कारण मला मान्य नाही. काचेवर मार लागल्याची खूण नाही.’ खाली तारीख घाला. मोबाइलवरची जॉबशीट असेल तर सही न करता हाच मजकूर त्याच्यासमोर कंपनीच्या ईमेलवर पाठवा.

ओटीपीच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. तंत्रज्ञ जाताना ‘व्हिजिटचा ओटीपी सांगा’ म्हणतो. मेसेज आधी वाचा. त्यात तक्रार बंद करण्याचा ओटीपी असं म्हटलं असेल तर टीव्ही नीट होईपर्यंत देऊ नका. एकदा दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार सुटलेली असते आणि पुढचा फोन नवी तक्रार म्हणून धरला जातो. आधीचे दिवस मोजलेच जात नाहीत.

८. पॅनेल बदलू देणार की टीव्हीच मागणार?

पहिल्या महिन्यातला दोष असेल तर आमचं स्पष्ट मत: टीव्ही बदलूनच मागा. पॅनेल हा टीव्हीतला सर्वांत महागडा भाग आणि तो घरात, पंख्याखाली, धुळीत बदलला जातो. सहा महिन्यांनंतरचा दोष असेल तर पॅनेल बदलून घेणं व्यवहाराचं आहे, पण ‘पार्ट मागवलाय’ यावर महिना काढू देऊ नका. पार्ट कधी मागवला आणि कधी येणार, दोन्ही तारखा ईमेलवर घ्या.

पॅनेल बदललं की तंत्रज्ञ जायच्या आत तीच सहा चित्रं लावा. कोपऱ्यातून उजेड झिरपतो का, काचेच्या आत धूळ अडकली का, दोन्ही स्पीकर वाजतात का, रिमोट आणि वायफाय लांबून चालतं का. आतल्या बारीक केबली लावायच्या राहून जातात. नव्या पॅनेलचा क्रमांक आणि ते नवं असल्याचं जॉबशीटवर लिहून घ्या. त्याची वॉरंटी किती, हेही लेखी.

९. नोटीस आणि १९१५

पंधरा दिवसांत हालचाल नाही, तर नोटीस पाठवा. वकील लागत नाही. इंग्रजीत लिहा, म्हणजे पुढे जिल्हा ग्राहक आयोगात भाषांतर करावं लागत नाही. मजकूर एका पानाचा पुरे: कधी, कुठून, किती रुपयांना घेतला, मॉडेल आणि अनुक्रमांक, दोष कोणत्या तारखेला दिसला, तक्रार क्रमांक आणि तंत्रज्ञाच्या भेटींच्या तारखा, आणि मागणी, ‘१५ दिवसांत टीव्ही बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी’. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवा. पावत्या आणि ट्रॅकिंगचा छापील कागद जपून ठेवा.

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका. इथे मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचवते आणि खूप प्रकरणं इथेच मिटतात. मिळालेला डॉकेट क्रमांक (तिथल्या तक्रारीचा क्रमांक) तुमच्या फायलीत जातो.

१०. जिल्हा ग्राहक आयोग

‘टीव्ही कोल्हापुरात घेतला, आता केस तिकडे करावी लागेल’ हा आपल्या भागातला सर्वांत मोठा गैरसमज. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. निपाणीचा, खानापूरचा, चिक्कोडीचा माणूस कोल्हापूरच्या दुकानाविरुद्ध बेळगावात दाद मागू शकतो. उलट, बेळगावच्या बाजारातून टीव्ही नेणारे चंदगडकर आपल्या कोल्हापूर जिल्हा आयोगात जाऊ शकतात.

दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत दोष उद्भवल्यापासून २ वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. वकील सक्तीचा नाही.

फायलीत हे लावा: तारखांच्या क्रमाने लिहिलेली तक्रार, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, कागदांची अनुक्रमणिका, बिल, वॉरंटी कार्ड, सगळ्या जॉबशीट, ईमेल आणि व्हॉट्सअॅपच्या प्रती, फोटो, व्हिडिओचा पेनड्राइव्ह, नोटिशीची प्रत आणि पोस्टाच्या पावत्या, ओळखपत्र व राहण्याचा पुरावा. मराठी कागदांना इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा. विरुद्ध पक्ष म्हणून दुकानदार आणि कंपनी दोघांची नावं घाला. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मागणीत टीव्ही बदलून द्या किंवा किंमत व्याजासह परत करा, शिवाय त्रासाची भरपाई आणि खर्च, असं स्पष्ट लिहा. कायद्यात निकालाचा कालावधी ३ महिने, वस्तूची तपासणी लागली तर ५ महिने दिला आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्या तयारीने जा. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर आयोग मध्यस्थीकडे पाठवतो. टीव्हीच्या प्रकरणात ती नाकारू नका, पण तडजोडीत रक्कम आणि तारीख दोन्ही लिहिल्याशिवाय सही करू नका.

निकाल तुमच्या बाजूने लागून कंपनीने तो पाळला नाही तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्या. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सदोष टीव्ही तोवर विकू नका, भंगारात देऊ नका, उघडूही नका. टीव्ही बदलून मिळेल त्या दिवशी जुना परत घेतल्याची पोच अनुक्रमांकासह लिहून घ्या आणि नव्या टीव्हीची रंगांची चाचणी तो आणणारा माणूस दारात असतानाच करा.